किनारा मोकळा सोडा, पंचांग बांधून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणजवळची तीन तरुण मंडळी एक रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळाडू एका पात्राच्या भूमिकेत शिरून खेळतो तसा खेळ, करत आहेत. काळ १७५५-५६ चा. नायिका हर्णैच्या एका तांडेलाची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची, मुलगी. सुवर्णदुर्ग पडला त्या धामधुमीत आंग्र्यांच्या गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, असलेला तिचा भाऊ परतला नाही, म्हणून ती त्याला शोधायला निघते. तिघांपैकी एकाला कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधीव हवी आहे, कारण भावाच्या शोधातली कळ विस्कळीत खेळात टिकणार नाही असं त्याला वाटतं. दुसऱ्याला जंजिऱ्यापासून तेरेखोलपर्यंतचा किनारा पहिल्या मिनिटापासून खुला हवा आहे. तिसरा कोड लिहितो, त्याला फक्त निर्णय हवा आहे.

मी खेळांची कथानकं आणि क्वेस्ट (खेळाडूला दिलेल्या कामगिऱ्या) लिहिण्याचं काम बरीच वर्षं करतो, आधी पुण्यातून आणि आता रत्नागिरीतून. हा वाद प्रत्येक टीममध्ये होतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. सगळे नकाशावर भांडतात: दार उघडं ठेवायचं की बंद. खरा प्रश्न घड्याळाचा आहे. कथा पुढे कधी सरकते, आणि ती सरकवायचा अधिकार कोणाकडे असतो? खेळाडूला जागेचं स्वातंत्र्य द्यायला फारसा खर्च येत नाही. वेळेचं स्वातंत्र्य दिलं की कथेचा जीव जातो. म्हणून तुम्हा तिघांना माझा सल्ला असा: किनारा मोकळा सोडा आणि पंचांग स्वतःच्या हातात ठेवा.

हे का, ते सांगतो. २०११ मधला स्कायरिम घ्या. अल्डुइन नावाचा ड्रॅगन जगाचा घास घ्यायला निघालेला असतो, आणि तुम्ही मात्र निवांत घर घेता, लग्न करता. अल्डुइन वाट बघत बसतो. २०१५ मधल्या विचर ३ मध्ये गेराल्टची मुलीसारखी वाढवलेली सिरी संकटात आहे आणि गेराल्ट गावोगाव पत्ते खेळतो आहे. हे दोन्ही मला अतिशय आवडणारे खेळ आहेत. पण दोन्हींत मुख्य कथा जे ओरडून सांगते ते जग ऐकत नाही, आणि खेळाडूला हे तासाभरात कळतं. एकदा कळलं की ‘लवकर ये’ म्हणणाऱ्या पात्रावर त्याचा विश्वास राहत नाही. तुमच्या मुलीचा भाऊ कुठेतरी कैदेत आहे आणि ती देवगडच्या बाजारात महिनोन् महिने मासळी विकते आहे, असं झालं तर तुमच्या पहिल्या मित्राची भीती खरी ठरेल.

उलट बाजूही बघा. फायनल फँटसी १० (२००१) हा जवळजवळ सरळ रस्ता आहे. विमान हाती येतं ते पार शेवटाकडे. तरी फारशी कुणी तक्रार केली नाही, कारण ती एक यात्रा आहे. यात्रेचा मार्ग ठरलेलाच असतो, वाटेत देवळं आहेत, गावं आहेत, माणसं भेटून बोलतात आणि त्या मार्गाच्या शेवटी काय आहे हे कळल्यावर सरळ चालण्यालाच अर्थ येतो. पुढे फायनल फँटसी १३ (जपानमध्ये २००९) मध्येही रस्ता सरळच होता, पण गावं जवळजवळ गेली, थांबून बोलावं अशी माणसं गेली, आणि मैदान मोकळं झालं ते थेट अकराव्या प्रकरणात. लोक चिडले. त्यांनी दोष सरळ रेषेला दिला. मला तो रिकाम्या बोळाचा वाटतो. रस्ता एकच असला तरी त्यावर डावी-उजवीकडे बघण्यासारखं असेल तर माणूस आनंदाने चालतो.

घड्याळ हातात ठेवून जागा मोकळी सोडणारे खेळ मोजकेच आहेत, पण तुम्ही त्यांचाच अभ्यास करा. १९९७ च्या फॉलआउटमध्ये वॉल्टसाठी, म्हणजे नायकाच्या माणसांच्या भूमिगत आश्रयस्थानासाठी, पाण्याची चिप शोधून आणायला १५० दिवस मिळतात. त्या दिवसांत कुठेही जा, कोणीही अडवत नाही. व्यापाऱ्यांना पैसे देऊन पाण्याचे तांडे वॉल्टकडे पाठवले तर आणखी १०० दिवस मिळतात, पण त्या तांड्यांमुळे शत्रूला वॉल्टचा माग लागतो. मला ही रचना अजूनही अप्रतिम वाटते. खेळाडूने स्वतः वेळ विकत घेतली आणि किंमत दुसऱ्यांच्या माथी मारली. एकही कटसीन (मधेच दाखवलेलं चित्रपटासारखं दृश्य) नाही, तरी ही कथाच आहे, आणि ती खेळाडूने लिहिली आहे.

दुसरा खेळ पर्सोना ५ (जपानमध्ये २०१६). त्यात कॅलेंडर पक्कं आहे. अमुक तारखेच्या आत अमुक काम झालं नाही तर खेळ संपतो. त्या तारखेपर्यंतची प्रत्येक संध्याकाळ मात्र तुमची. मित्राला भेटा, अभ्यास करा, नोकरी करा. कथा अगदी सरळ, पण तिच्या पोटात रोजची निवड आहे.

तिसरा डिस्को एलिझियम (२०१९), आणि तुमच्यासारख्या लहान टीमने याच्याकडेच सगळ्यात जास्त बघावं. एका शहराचा एक छोटा भाग, एक खून, एक तपास. वेळ पुढे सरकते ती बोलताना आणि वाचताना. नुसतं चालण्याने घड्याळ हलत नाही. त्यामुळे कोपरे धुंडाळण्याची शिक्षा होत नाही, आणि माणसांशी बोलण्याला मोल येतं. किनाऱ्याचा पुढचा भाग कालव्यापलीकडे आहे आणि त्याचं दार तिसऱ्या दिवशी दुरुस्त होतं. म्हणजे भिंत आहे, पण ती तारखेची भिंत आहे, आणि तिला जगातलं साधं कारण आहे. खेळाडूला आपल्याला अडवलं असं वाटत नाही.

आता तुमच्या नशिबाचं सांगतो, कारण तुम्ही निवडलेल्या काळात हे सगळं आयतं पडलं आहे आणि ते तुमच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही. इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला एप्रिल १७५५ मध्ये. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं, ते फेब्रुवारी १७५६ मध्ये. या दोन तारखा इतिहासाने ठोकलेल्या खुंट्या आहेत. तुमची कथा पहिलीपासून सुरू होते आणि दुसरीपाशी संपते. आणि मध्ये काय आहे? एक अख्खा पावसाळा.

म्हणजे तुमच्या खेळाला तीन ऋतू आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा. पहिला भाग उन्हाळ्याचा, पाऊस लागेपर्यंत. समुद्र उघडा आहे, मुलगी होडी घेऊन कुठल्याही बंदरात जाऊ शकते, पण दिवस थोडे आहेत आणि दक्षिणेकडचं आकाश रोज काळवंडत चाललं आहे. इथे खेळाडूला पूर्ण मोकळं सोडा. मग पाऊस लागतो. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात, समुद्र बंद. ज्या बंदरात ती असेल तिथेच अडकते. हा तुमचा सरळ रेषेचा भाग. एक गाव, मूठभर माणसं, बांधीव प्रसंग. पहिल्या मित्राला जी कळ हवी आहे ती इथे लिहा, मनसोक्त लिहा. खेळाडू कुठेही पळून जाऊ शकत नाही, आणि त्याला त्याबद्दल राग येणार नाही, कारण पावसाळ्यात समुद्रावर कोणी जात नाही हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक लेकराला माहीत असतं. नारळी पौर्णिमेला समुद्र पुन्हा उघडतो. तिसरा भाग पुन्हा मोकळा, पण आता जग बदललेलं आहे. मुंबईत जहाजांची जमवाजमव चालली आहे, पेशव्यांची फौज खाली उतरते आहे आणि पंचांग फेब्रुवारीकडे सरकत आहे.

या आराखड्यात एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. ती कोणत्या बंदरात पावसाळ्यासाठी अडकली हे खेळाडूच्या उन्हाळ्यातल्या निवडीवर ठरतं. तीन बंदरं तयार करा, जास्त नाही. हर्णै, जयगड आणि विजयदुर्ग, समजा. प्रत्येकाचा पावसाळा वेगळा लिहा. २०११ च्या विचर २ मध्ये असंच आहे: तुम्ही योर्व्हेथची बाजू घेतली की रोशची, त्यावर पूर्ण दुसरं प्रकरण वेगळं होतं, ठिकाणासकट. एवढी हिंमत मोठ्या स्टुडिओंनीही फार वेळा केलेली नाही, कारण एका वेळच्या खेळात अर्धं काम बहुतेकांना दिसतच नाही. तुमचा खेळ लहान आहे, पावसाळ्यातला प्रसंग तास-दोन तासांचा, म्हणून तुम्हाला हे झेपेल. तीनाच्या वर मात्र जाऊ नका.

फांद्यांचं गणित एकदा कागदावर मांडून भिंतीला लावा. दोन-दोन पर्यायांच्या दहा निवडी, आणि प्रत्येक फांदी शेवटपर्यंत वेगळी ठेवली, तर १०२४ शेवट होतात. ते कोणीच लिहू शकत नाही. म्हणून फांद्या फुटतात आणि पुन्हा एकत्र येतात. नारळी पौर्णिमा हे तुमचं एकत्र येण्याचं ठिकाण. एकत्र आल्यावर काय उरतं? आठवण. कोणाला मदत केली, कोणाकडून दस्तक (ये-जा करायचा परवाना) घेतलं, कोणाला खोटं सांगितलं. हे साधे व्हेरिएबल, म्हणजे खेळाने लक्षात ठेवलेल्या नोंदी, म्हणून साठवा आणि पुढच्या संवादात दोन-दोन ओळींनी परत आणा. संवाद लिहायला इंक ही स्क्रिप्टची भाषा घ्या. इंकल या स्टुडिओने ती २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, आणि फांदी फोडून पुन्हा सांधणं हे त्या भाषेच्या रचनेतच आहे. गोडो या गेम इंजिनबरोबर ती जोडता येते आणि दोन्ही फुकट आहेत.

नकाशाबद्दल. मोकळ्या जगाचा खेळ करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो खेळाडूला न अडवता दिशा कशी द्यायची याचा. २०१० च्या न्यू व्हेगासमध्ये सुरुवातीच्या गावातून शहराकडे जाणारा उत्तरेचा रस्ता जवळचा आहे, पण त्यावर इतके भयानक प्राणी ठेवले आहेत की बहुतेक जण दक्षिणेकडून लांबचा फेरा घेतात आणि त्या फेऱ्यावरच कथेची गावं ओळीने लागतात. कुणी जिवावर उदार होऊन उत्तरेने गेलाच तर खेळ त्याला जाऊ देतो. त्याच्याही आधी, १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये, शेवटच्या शत्रूचा किल्ला सुरुवातीच्या राजवाड्याजवळूनच पाण्यापलीकडे दिसतो. दिसतो, पोचता येत नाही. पूल ओलांडला की पलीकडचे शत्रू जास्त ताकदीचे.

कोकणचा किनारा यासाठी मुद्दाम आखल्यासारखा आहे. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी, आणि ती पट्टी खाड्यांनी तुकड्या-तुकड्यांत कापलेली: राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, वाघोटन, कर्ली, तेरेखोल. तेव्हा पूल नव्हते. खाडी म्हणजे पलीकडे नेणारी तर, ती चालवणारा तरीवाला आणि पलीकडचा नवा धनी. १७५५ मध्ये या एवढ्याशा पट्टीवर किती सत्ता होत्या बघा: जंजिऱ्याला सिद्दी, कुलाब्याला मानाजी आंग्रे, विजयदुर्गाला त्यांचाच सावत्र भाऊ तुळाजी, मालवणला कोल्हापूरकर, वाडीला सावंत, गोव्याला पोर्तुगीज, आणि मुंबईहून येणारे इंग्रज. एकाचं दस्तक दुसऱ्याच्या बंदरात उलट गळ्याशी येणार. म्हणजे कुलूप-किल्ली आधीच तयार आहे. ‘या दाराला निळी किल्ली लागेल’ असलं काही तुम्हाला करावं लागत नाही. कोणाचं दस्तक घ्यायचं, हीच निवड, आणि तीच रोल-प्लेइंग. मुलगी कोण आहे हे तिच्या तलवारीवरून ठरत नसतं. ती कोणाची सही जवळ बाळगते आणि कोणापासून लपवते यावरून ठरतं.

समुद्रही कामाला लावा. रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा. पहाटे निघायचं, दुपारनंतर परत यायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीत आतपर्यंत गलबत जातं, भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, आतल्या उथळ जागा बंद. खेळाडूने तिथी बघून बेत आखावा. मग वेळ हा पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा राहत नाही, तो पाण्यात दिसतो. हे करायला फार कोड लागत नाही. चार-पाच ठिकाणी ‘आज पाणी आहे की नाही’ एवढंच तपासायचं आहे.

इतिहासातल्या माणसांचं काय, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. खेळाडूने तुळाजीला मारलं तर? मॉरोविंडमध्ये (२००२) कथेला आवश्यक असं पात्र मारलं की खेळ सांगतो, भविष्यवाणीचा धागा तुटला. मागे जा, नाहीतर या नासलेल्या जगात राहा. पुढे ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) अशी पात्रं मरतच नाहीत, बेशुद्ध पडून पुन्हा उठतात. पहिला मार्ग प्रामाणिक, दुसरा सोयीचा. तुम्हाला दोन्हींची गरज नाही. ज्याला मारता येऊ नये त्याला खेळाडूच्या हाताच्या अंतरावर आणूच नका. तुळाजी दिसू दे तो दुरून, गलबताच्या डोलकाठीआडून किंवा लोकांच्या बोलण्यातून. तुमच्या कथेची माणसं वेगळी आहेत: तरीवाला, लोहार, सिद्द्याकडे नोकरी करणारा नातेवाईक, बंदरावर जकात घेणारा कारकून. यांचं काय होतं ते पूर्णपणे खेळाडूच्या हाती द्या, मरणासकट.

आणि विजयदुर्ग पडणारच. तो वाचवायचा गुप्त शेवट ठेवू नका, कितीही मोह झाला तरी. आरमार जळणार आहे हे इथल्या खेळाडूला आधीच ठाऊक असेल. त्याने काही बिघडत नाही. तुमच्याकडच्या जत्रेत दशावतार बघितलेला असेलच. लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, राक्षस शेवटी मरणार हे समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत, कारण संवाद नट तिथल्या तिथे रचतात. आजच्या रात्रीचा राजा कालच्या राजासारखा बोलत नाही. आख्यान बांधलेलं आणि बोलणं मोकळं, हीच विभागणी तुमच्या खेळात हवी आहे. भाऊ फेब्रुवारीच्या त्या दिवशी कुठे असेल, बंदरातल्या गुराबेवर की किनाऱ्यावर. तो बहिणीला ओळखून तिच्याबरोबर येईल की धन्याशी इमान राखून मागे राहील. आणि तिने उन्हाळ्यात कोणाचं दस्तक घेतलं होतं म्हणून आज तिची होडी विजयदुर्गाच्या खाडीत शिरू शकते की नाही. शेवट इथे घडतात. मोठी घटना एकच, पण ती कोणत्या जागेवरून बघितली हे प्रत्येकाचं वेगळं.

एक इशारा नीट वाचा. पंचांग हातात ठेवायचं म्हणजे खेळाडूच्या डोक्यावर टिकटिकणारं घड्याळ लटकवायचं नाही. वेळेची मर्यादा अनेकांना घाबरवते. ते मग काहीच बघत नाहीत, फक्त धावतात. डिस्को एलिझियमचा नियम घ्या: दिवस ढळतो तो कामाने. एका बंदरातून दुसऱ्यात जाणं, एखाद्याच्या ओटीवर बसून सविस्तर बोलणं, दुरुस्ती, मासेमारी, यांना वेळ लागते. गावात फिरणं, वस्तू बघणं, पुन्हा विचारणं, याला लागत नाही. शिवाय दिवस कमी पडून कोणाचाही खेळ मधेच संपू देऊ नका. पाऊस आला की आला. जे राहिलं ते राहिलं, कथा पुढे चालू. राहून गेलेल्या गोष्टीही खेळाच्या आठवणीत नोंदवा. जयगडच्या म्हातारीला औषध पोचवलं नाही, तर नारळी पौर्णिमेनंतर तिच्या दारात कोण बसलेलं आहे ते दाखवा. एकच चित्र आणि एकच वाक्य पुरेल.

भरताड क्वेस्ट टाळा. दहा खेकडे आणा, पाच लांडगे मारा, असल्या कामांनी नकाशा भरलेला दिसतो आणि खेळ पोकळ होतो. विचर ३ मधली बॅरनची गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली, कारण टेकडीवरच्या त्या आत्म्याला सोडवायचं की मारायचं ही बाजूची वाटणारी निवड थेट बॅरनच्या घरावर येऊन पडते, आणि कोणताही पर्याय निखळ चांगला नाही. तुमच्याकडे अशा सहा गोष्टी असल्या तरी खूप झाल्या. त्या एकमेकींत गुंतलेल्या असू द्या.

सुरुवात कुठून करायची? कोडला अजून हात लावू नका. एक खाडी, दोन बंदरं, सहा माणसं आणि पावसाआधीचे वीस दिवस एवढंच कागदावर मांडा. प्रत्येक माणसासाठी एक कार्ड: त्याला काय हवं आहे, त्याला काय माहीत आहे, त्याच्याकडे कोणाचं दस्तक आहे. तुमच्यापैकी एकाने सूत्रधार व्हायचं आणि गावातल्या अशा चार-पाच जणांना खेळवायचं ज्यांनी कथा ऐकलेली नाही. त्यात एखादा खराखुरा तांडेल मिळाला तर फारच उत्तम, तो वाऱ्याच्या चुका लगेच काढेल. खेळताना दोनच गोष्टी टिपा. खेळाडू दिवस मोजायला कधी लागतो? आणि पाऊस लागल्याचं सांगितल्यावर त्याच्या तोंडून पहिलं नाव कोणाचं निघतं? भावाचं निघालं तर तुमचा पहिला मित्र खूश होईल, तरीवाल्याचं निघालं तर दुसरा. कोणाचंच निघालं नाही तर माणसं पुन्हा लिहा, आणि तोवर तिसऱ्याला नकाशा रंगवायला देऊ नका.